थांबलेले ठिपके

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कंट्रोल रूममधल्या मोठ्या पडद्यावरचे सगळे ठिपके थांबले, आणि ते कुणाच्याही लक्षात आलं नाही.

लक्षात न येण्याचं कारण अगदी साधं होतं. त्या खोलीत थांबलेला ठिपका ही चांगली बातमी असे. प्रत्येक ठिपका म्हणजे एक माणूस. कोर्टाने तुरुंगाऐवजी घरी पाठवलेला किंवा तुरुंगातून थोडा आधी सोडलेला, घोट्यावर काळा रबरी पट्टा बांधलेला. त्यांना आपसात पट्टेवाले म्हणायची सोय नव्हती, कारण दाराबाहेर स्टुलावर बसणारा म्हातारा शिपाई त्यावर चिडायचा. "आमच्या पट्ट्याला इज्जत होती," म्हणायचा. म्हणून मग ठिपके. ठिपका घरी आहे, कामावर आहे, नेमून दिलेल्या रस्त्यावर आहे, तोवर सगळं ठीक. नकाशावरच्या, त्याला मनाई असलेल्या एखाद्या लाल तुकड्याकडे तो सरकायला लागला की फोन, धावपळ, पोलिसांची गाडी. ठिपका हलला की काम आणि थांबला की चहा. त्या सकाळी चहा दुसऱ्यांदा आला होता. नवीन लागलेली मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली, "आज सगळे कसे शहाण्यासारखे बसलेत." मशिनं सांभाळणारा, ज्याला सगळे वायर म्हणत, तो मान वर न करता म्हणाला, "दृष्ट लावू नकोस." खोलीची प्रमुख, जिला वयाने मोठे लोकही ताईच म्हणत, ती हसली. तिलाही बरं वाटलं होतं. आपण बसवलेली घडी नीट बसली आहे, असं वाटायला लावणारी ती शांतता होती.

फोन वाजला तो तिच्याच टेबलावरचा. लाँड्रीवाला होता. एका मोठ्या लाँड्रीत तो इस्त्रीच्या मशिनवर काम करायचा आणि वेळापत्रकाबाहेर पाऊल टाकायचं झालं तर आधी फोन करायचा, हा नियम पाळणाऱ्या मोजक्या लोकांपैकी होता.

"मॅडम, बॉयलर बिघडलाय. मालकाने आज सगळ्यांना सोडलं. मी घरी निघालोय, सांगावं म्हटलं. आणि पट्ट्यावरचा हिरवा दिवा गेलाय."

तिने पडद्याकडे पाहिलं. "निघालाय कुठे? लाँड्रीतच तर आहात."

"नाही मॅडम, थांब्यावर आहे. बसच्या."

"मला लाँड्रीत दिसताय."

तो अगदी शांतपणे, वाद घालायची इच्छा नसलेल्या माणसासारखा म्हणाला, "तो ठिपका लाँड्रीत असेल मॅडम. मी थांब्यावर आहे."

फोनमधून बसचा हॉर्न ऐकू आला, कुणीतरी कुणाला तरी पुढे सरकायला सांगितलं. लाँड्रीत बस नसते. तिने दुसऱ्या ठिपक्याकडे पाहिलं, मग तिसऱ्याकडे, मग सायकलवरून पार्सलं पोचवणाऱ्या त्या पोरगेल्या ठिपक्याकडे, जो एक क्षण स्वस्थ बसत नसे आणि ज्याच्यावर वायर पैजा लावायचा. तोही एका चौकाच्या मधोमध उभा होता. वाहनांच्या भर गर्दीत, रस्त्याच्या मध्यावर, शहाण्यासारखा. तेव्हा तिच्या हातातला कप आपोआप खाली आला. पण मन लख्ख होतं. घोटाळा झाला की तिचं मन नेहमीच लख्ख होई.

"म्हणजे तुम्हाला मी दिसत नाही?" लाँड्रीवाला म्हणाला.

अशा वेळी काय बोलायचं हे ठरलेलं होतं. ते वाक्य तिनेच नव्या मुलीकडून पाठ करून घेतलं होतं: दिवा बॅटरीचा आहे, आम्हाला सगळं व्यवस्थित दिसतंय. पण हा माणूस ते वाक्य ऐकून घेण्याच्या पलीकडे गेला होता, आणि त्याला पलीकडे तिनेच ढकललं होतं. माणूस सांगतोय आणि आपण पडद्याशी ताडून त्यालाच दुरुस्त करतोय. ही चूक त्या खोलीत बसणाऱ्यानेच करावी, दुसऱ्या कुणाला ती सुचणारही नाही. आता खोटं बोललं असतं तर ते खोटं आहे हे त्याला कळलं असतं. ती म्हणाली, "नाही. आत्ता दिसत नाही."

"बरं," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

वायर तोवर उठून उभा राहिला होता. तिने काही विचारण्याआधीच म्हणाला, "सगळंच गेलंय. पडदा शेवटचं चित्र धरून बसलाय. आपण फोटोकडे बघत होतो ताई." आणि गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरला. नवी मुलगी उभीच होती, हात पोटाशी धरून.

लाँड्रीवाल्याचा लाल तुकडा म्हणजे पुलापलीकडची एक गल्ली. तिथे त्याची आधीची बायको आणि मुलगी राहायच्या. दोनदा तो ते दार फोडून आत शिरला होता आणि दुसऱ्या वेळी बायकोचा हात मोडला होता. आता दोन वर्षं झाली, ठिपका एकदाही त्या बाजूला वळला नव्हता. पुढच्या महिन्यात त्याचा पट्टा काढावा, अशी शिफारस ताईनेच केली होती. ती करताना तिला जराही शंका नव्हती. नव्या लोकांना शिकवताना ती नेहमी बांधकामाचं उदाहरण द्यायची. स्लॅब भरला की खालून सेंट्रिंगचे टेकू लावतात. टेकू म्हणजे पट्टा, पोलीस, शेजाऱ्यांची नजर, लोक काय म्हणतील ही धास्ती, सगळं बाहेरचं. आतमध्ये काँक्रीट हळूहळू धरत असतं. ते धरलं की टेकू काढायचे आणि स्लॅब स्वतःच्या बळावर उभा राहतो. एकदा एका मुलाने विचारलं होतं, की धरलंय हे कळतं कसं? ती म्हणाली होती, सांगता येतं, अनुभवाने. आणि खरोखरच तिला सांगता येत असे. कुणाचा आतला माणूस जागा झालाय आणि कुणाचा नुसता पट्ट्याकडे बघून झोपेचं सोंग घेतोय, हे ती फोनवरच्या आवाजावरून ओळखायची आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं.

आतला माणूस तिला चांगला ओळखीचा होता, कारण तिच्यात तो फार लवकर येऊन बसला होता. आई दिवसभर कामावर जायची. जाताना आपला जुना चष्मा फळीवर ठेवायची, काचा खोलीकडे करून, आणि म्हणायची, "मी बघतेय हं." दोघी बहिणींनी तो चष्मा किती वर्षं मानला कोण जाणे. साखरेचा डबा उघडायचा नाही, खिडकीत चढायचं नाही, मोठ्याने भांडायचं नाही. दुपारी उन्हाची तिरीप फळीवर आली की काचा पेटल्यासारख्या चमकायच्या आणि ताई हात मागे बांधून उभी राहायची, काहीही केलेलं नसताना. धाकटी मात्र एके दिवशी खुर्चीवर चढली आणि तिने चष्मा अलगद भिंतीकडे वळवून ठेवला. अगदी अदबीने, आजारी माणसाला कुशीवर वळवावं तसा. मग डबा काढून तिने मूठभर साखर खाल्ली आणि दुसरी मूठ ताईपुढे धरली. "खा गं. आता बघत नाहीये." ताईने खाल्ली नाही. चष्मा भिंतीकडे बघत होता, तरी तिला कुणीतरी बघत होतं. तिला त्या दिवशी आपल्याविषयी अभिमान वाटला होता, तो अजून थोडासा शिल्लक होता. कॉलेजात अपराधशास्त्राच्या मास्तरांनी फळ्यावर बाह्य नियंत्रण आणि आंतरिक नियंत्रण असे दोन शब्द लिहिले, तेव्हा तिला नवं काहीच वाटलं नाही. पहिला शब्द म्हणजे फळीवरचा चष्मा. दुसरा म्हणजे मी.

फक्त धाकटी त्या फळ्यावर कुठेच बसत नव्हती. चष्मा वळवणारी ती मुलगी मोठी होऊन बिघडायला हवी होती, ती बिघडली नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात रात्रंदिवस तीच जवळ होती, कुणी न सांगता, कुणी बघत नसताना, आणि त्याबद्दल ती कधी बोललीही नाही. साखर खावीशी वाटली तेव्हा तिने खाल्ली, आणि आईजवळ बसावंसं वाटलं तेव्हा बसली. आई गेल्यावर सामान आवरताना तो चष्मा सापडला. ताईने तो डोळ्यांना लावून पाहिला तर समोर सगळं धुकं. नंबर कधीच बदललेला, म्हणून तर तो फळीवर आला होता. "ह्यातून आईलासुद्धा दिसलं नसतं," धाकटी म्हणाली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग डोळे पुसता पुसता तिने विचारलं, "ए, कुणी बघत नसलं की तू असतेस का गं?" थट्टाच होती ती. ताईने तिला चापट मारली होती. चष्मा मात्र घरी नेला होता.

साहेबांचा फोन आला. वरच्या मजल्यावर बातमी पोचली होती.

"किती वेळ लागेल?"

"वायर बघतोय. सांगता येत नाही."

"तोवर बाहेर काही जाता कामा नये. दिव्याचं कुणी विचारलं तर बॅटरी."

"ज्या बायकांकडे आपल्या डब्या आहेत, त्यांना कळवायला हवं." डबी म्हणजे हातात मावेल एवढं यंत्र, ज्याच्यापासून धोका तो माणूस जवळ आला की ते थरथरायचं. तेही याच मशिनांवर चालायचं, म्हणजे आता मेलेलं होतं.

"त्यांना तर मुळीच नको. एक घाबरली की दहाजणींना सांगणार. ताई, तुम्हाला मी काय सांगायचं? हा सगळा कारभार आपण बघतो म्हणून चालत नाही. आपण बघतो असं त्यांना वाटतं, म्हणून चालतो."

हे तिला ठाऊक होतं. फळीवरच्या चष्म्याएवढं ठाऊक होतं. पण डबी ही कुणाला धाक दाखवायची वस्तू नव्हती. ती उशाशी ठेवून कुणीतरी झोपत होतं.

"मी कळवणार आहे साहेब," ती म्हणाली. "माझ्या जबाबदारीवर. लेखी हवं असेल तर दुपारी देते."

साहेब काहीतरी म्हणायला लागले, तोवर तिने फोन ठेवलाही होता. नव्या मुलीला तिने सगळ्या डबीवाल्यांना फोन लावायला बसवलं. "काय सांगू?" मुलीने विचारलं. "जे आहे ते. डबी बंद आहे, सुरू झाली की सांगू, तोवर एकट्या राहू नका." मुलगी अजून घुटमळतच होती. "रडल्या तर?" "तर ऐकून घ्यायचं. फोन आपण आधी ठेवायचा नाही." पुलापलीकडच्या बाईला तिने स्वतः लावला.

ती बाई एका दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं पुकारायची. फोनवर तिने आधी कुणाला तरी बसायला सांगितलं, मग एका कोपऱ्यात गेल्यासारखा तिचा आवाज बारीक झाला. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "म्हणजे सकाळपासून मी उगाचच निर्धास्त होते."

"सकाळपासून नाही. थोडाच वेळ झालाय."

"डबी गप्प म्हणजे तो लांब, असं मी समजायचे. आता गप्प म्हणजे काहीच नाही, असं ना?" ती रागावलेली नव्हती. हिशेब जुळवत होती. "तो कुठाय?"

"लाँड्रीजवळच्या बसथांब्यावर. त्याने स्वतः फोन करून सांगितलं."

"आणि तुम्ही विश्वास ठेवलात."

"खरं बोलत होता. मला कळतं ते."

"मलाही कळतं," बाई म्हणाली. "तो खरंच बोलतो. मारायचा तेव्हाही आधी सांगून मारायचा."

मागे नवी मुलगी कुणाला तरी तीनतीनदा तेच समजावत होती. इतक्या वर्षांत तिने आवाजातला खरेपणा हेरला होता आणि त्यालाच आतला माणूस मानलं होतं. खरं बोलणारा स्वतःला आवरतोच, हे तिने कुठून घेतलं होतं? बहुधा स्वतःवरूनच. खोटं बोलताना तिला स्वतःला गुदमरल्यासारखं होई, आणि ज्याला असं गुदमरता येतं तो कुणाचा हात मोडणार नाही, असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं.

"तुम्ही दवाखान्यातच थांबा," ती म्हणाली. "पोलिसांना गल्लीत जायला सांगते."

"थांबून कसं चालेल? शनिवार आहे. मुलगी शाळेतून येईल. किल्ली माझ्याकडे आहे, ती दारात उभी राहील." आणि मग, ताईला धीर देत असल्यासारखी, "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. मी निघते. बघत बघत जाईन."

पोलिसांनी गाडी मोकळी झाली की पाठवतो म्हणून सांगितलं. ताईने आवाज चढवला नाही, फक्त बोलणाऱ्याचं नाव विचारून घेतलं. त्याने बराच फरक पडतो, हा तिचा अनुभव होता. मग तिने लाँड्रीवाल्याला फोन लावला. त्याने लगेच उचलला.

"कुठे आहात?"

"थांब्यावरच. तुम्हाला वाटलं असेल, गेला."

"बस आली नाही?"

"आल्या की. सरळ जाणारी आली, सोडली. मग घरची आली, तीही सोडली." दोन्ही बस पूल ओलांडायच्या. पुलानंतरच्या चौकात घरची डावीकडे वळायची आणि दुसरी सरळ त्या गल्लीच्या तोंडाशी जायची. नकाशा तिला तळहातासारखा पाठ होता. "पट्टा चालू असला की मला काही ठरवावं लागत नाही मॅडम. घरची बस दिसली की पाय उचलतात. मला वाटायचं, आपण सुधारलो. आज पाय उचलेनात. विचारतायत, आता?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार. बसलोय." तो जरासा हसला. "आज पोरीची शाळा लवकर सुटते. पूर्वी मीच आणायचो शनिवारची. दप्तर माझ्याकडे देऊन पुढे पळायची."

तिच्या डोक्यात दोन वाक्यं एकदम उभी राहिली. एक साहेबांना आवडेल असं होतं: आता दिसताय, पडदा सुरू झालाय. तेवढं म्हटलं असतं तर तो मुकाट घरच्या बसमध्ये चढला असता, याची तिला खात्री होती. पोर दारात उभी राहणार होती. पोरीसाठी एक खोटं बोलायला कुणाची हरकत असणार? पण तो पट्ट्याच्या दिव्याकडे बघणार, दिवा विझलेलाच असणार, आणि त्यानंतर तिच्या तोंडून निघालेल्या कुठल्याही शब्दाला त्या माणसाच्या लेखी किंमत उरणार नव्हती. दुसरं वाक्य तिला पूर्ण येत नव्हतं. ती बोलायला लागली आणि ते येत गेलं.

"हे बघा, ती बाई घरी निघाली आहे. मी तिला सगळं सांगितलंय. पोलिसांनाही सांगितलंय. आता पुढची घरची बस आली की चढायचं आणि घरी पोचलात की मला फोन करायचा."

"तुम्हाला दिसणार नाही ना पण?"

"नाही."

"मग फोन कशाला?"

"मी वाट बघत बसणार आहे म्हणून."

तो गप्प राहिला. ही शांतता ती ओळखू शकली नाही. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा, एका माणसाच्या गप्प राहण्यातून तिला काहीही कळलं नाही, आणि गंमत म्हणजे त्याची भीती वाटली नाही. एक प्रकारचा आदर वाटला. बंद दारावर टकटक करून बाहेर थांबावं लागतं, तेव्हा वाटतो तसा. आतमध्ये जे काही चाललं होतं ते त्याचं होतं. टेकू निघाला होता, कुणी काढला नव्हता, आपला आपण निघाला होता. आणि स्लॅबखाली उभं राहून वर बघण्यापलीकडे तिला करण्यासारखं जे होतं ते तिने करून टाकलं होतं. बाईला सांगितलं, पोलिसांना सांगितलं, ह्याला खरं सांगितलं. यातली एकही गोष्ट ती परत वेगळी करणार नव्हती. दुपारी साहेबांना लेखी देताना हे असंच द्यायचं, तिने मनाशी पक्कं केलं. शिफारशीचं मात्र काय ते आत्ताच सांगता येत नव्हतं.

"बस येतेय," तो म्हणाला. कुठली ते बोलला नाही. फोन बंद झाला.

तिला एकाएकी लहानपणीच्या त्या साखरेची आठवण झाली. चव आठवली नाही, ती कधी घेतलीच नव्हती. आठवली ती धाकटीची पुढे धरलेली मूठ, बोटांच्या फटींतून गळणारे दाणे, आणि ते खाली सांडतायत याचाच आपल्याला आलेला राग. तिने समोरच्या बशीतली साखर चिमटीत घेतली आणि तोंडात टाकली. नवी मुलगी फोनवर बोलता बोलता तिच्याकडे बघत होती. बघू दे, तिला वाटलं.

"आलं," टेबलाखालून वायर म्हणाला.

पडदा एकदा काळा झाला आणि पुन्हा उजळला. ठिपके एकदम उड्या मारून आपापल्या खऱ्या जागी गेले. सायकलवाला चौकातून सुटून कितीतरी लांब एका उड्डाणपुलाखाली निघाला. दोन ठिपके नको तिथे होते, पण दोघेही आपल्याला नेमून दिलेल्या भागाच्या पांढऱ्या हद्दीच्या अगदी कडेला, दिवा गेलेला पाहून कुंपणाबाहेर डोकावल्यासारखे. बाकीचे होते तिथेच होते. नवी मुलगी म्हणाली, "बापरे, कुणी गेलंच नाही की." लाँड्रीतला ठिपका लाँड्रीत नव्हता, थांब्यावरही नव्हता. तो पुलावर होता.

पूल दोन्ही बस ओलांडायच्या. ताईने बाईला फोन लावला. ती घरी पोचली होती. मुलगी अजून यायची होती. डबीचा दिवा लागला होता आणि डबी गप्प होती. पोलिसांची गाडी निघाली होती, गल्लीत पोचलेली नव्हती. तिने लाँड्रीवाल्याला लावला. वाजत राहिला, उचलला नाही.

ठिपका पुलाच्या मध्यापर्यंत सरकला आणि थांबला.

वायर टेबलाखालून बाहेर आला, गुडघे झटकत पडद्याकडे बघायला लागला. "परत अडकला की काय," म्हणाला. ताईने बाकीच्या ठिपक्यांकडे पाहिलं, एकेकाकडे. सायकलवाला वळणावर होता. कडेचे दोघे आपापल्या घराकडे निघाले होते. सगळे हलत होते, म्हणजे पडदा चालू होता. पुलावरचा तेवढा एक थांबलेला होता.